डब्यातल्या लक्ष्म्या

राजाराम गेला आणि मागे पोरीसाठी, मालनसाठी, ठेवून गेला एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत रेगेशेठच्या दुकानाची कुपनं, गच्च भरलेली.

लालबागच्या नाक्यावर रेगेशेठचं दुकान. खरेदीवर कूपन, आणि पाचशे कुपनांवर शिलाई मशीन फुकट, अशी लक्ष्मीच्या चित्राची पाटीच होती. आता गिरणी कामगाराची कसली एवढी खरेदी? पण कुपनावर लक्ष्मी छापलेली. लोक रस्त्यात टाकायचे, त्यावर चपला पडायच्या. राजाराम वाकायचा, उचलायचा, सदऱ्याला पुसायचा आणि शुक्रवारी एकेकीला हळदकुंकू लावायचा. आम्ही चाळीत हसायचो. मी तर सगळ्यात जास्त.

मालनचा नवरा छातीच्या दुखण्यानं गिरणीतून घरी बसलेला. मोजली तर कुपनं पाचशेच्या वर भरली. मशीन मिळाली तर झंपर शिवून घर चालेल, नाहीतर खोली सोडून गावी जायचं.

रस्त्यावर वेचलेली कुपनं शेठ घेईल की नाही ही शंका, म्हणून आधी भायखळ्याच्या रद्दीवाल्याकडे भाव काढला. त्यानं कुपनं सरळ तराजूत टाकली.

"कुंकवाचं वजन कापू नको हां," मी म्हटलं.

त्यानं आकडा सांगितला. मालननं पारड्यातून कुपनं गोळा केली.

मग दुकान. मला बघून शेठच्या कपाळाला आठ्या. त्याच्या फळ्यांवर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं खडूनं कोण लिहितं, याबद्दल त्याचा माझ्यावर संशय होता. खोटा. मी डांबर वापरतो.

शेठनं कूपन उलटंपालटं केलं. "ही मळकी आहेत. चालणार नाहीत."

मी गिऱ्हाइकांकडे वळलो. "ऐकलंत का हो मंडळी? शेठ म्हणतात, लक्ष्मी मळकी!"

"अरे शिवा, हळू बोल!"

"म्हणजे बाहेर पाटीवर गोरी नि आत मळकी?"

बायका खुदखुदल्या. एक म्हातारी तर सरळ कुपनांच्या पाया पडली. शेठनं हात जोडले. "बरं बाबा, घेतो."

मी मिशीला पीळ देतोय तोवर शेठनं गल्ल्यातून भोक पाडायचा चिमटा काढला. कूपन रद्द करायचं म्हणजे भोक पाडायचं, रीतच तशी. भोक पडणार नेमकं लक्ष्मीच्या तोंडावर.

"नको!" मालननं डबा ओढून घेतला.

"गो मालन, मशीन मिळतेय ना!"

"शिवाकाका, कुणाचा पाय पडू नये म्हणून बाबा वाकले. मी तोंडाला भोक पाडून घेऊ?"

शेठचा चिमटा हवेतच थांबला.

"मग मी रद्द कसं करू, पोरी? उद्या हीच कुणी परत आणली तर?"

मी डोकं खाजवलं. "शेठ, रद्द म्हणजे परत येऊ नयेत, एवढंच ना? मग जुन्या तसबिरींचं आपण काय करतो?"

शेठनं चिमटा गल्ल्यात ठेवला. "विसर्जन."

"आणि साक्षीला तुम्ही. तिकीट पण तुमचंच."

ट्रामनं दादरला उतरून आम्ही तिघं चौपाटीवर गेलो. मालन गुडघाभर पाण्यात शिरली. मूठमूठभर सोडत होती, कुणाला निरोप द्यावा तशी, घाई न करता. एरवी असल्या वेळी मी काहीतरी वात्रट बोलतोच. आज मी टोपी काढून हातात घेतली. आयुष्यभर राजाराम वाकला नि आम्ही त्याच्या पाठीवर हसलो. तेच वाकणं आता त्याच्या लेकीच्या घरात मशीन होऊन जाणार होतं.

डबा रिकामा झाला. "उद्या हातगाडीवाला पाठवा, मशीन देतो," शेठ म्हणाला.

आम्ही वळलो. तेवढ्यात एका लाटेनं एक कूपन परत आणून वाळूवर टाकलं, अगदी माझ्या चपलेपुढे.

"अरे, पाय!" शेठ ओरडला. मला ढकलून तो वाकला, कूपन उचललं आणि आपल्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याला पुसलं.