पापणीआडचा लाल

साहेब, तुम्ही एका माणसाचे डोळे चोरलेत. तुमचे नाव इथे लिहीत नाही, कारण तुम्हीही ते तुमच्या कागदावर लिहिलेले नाही. खाली नुसता गोल शिक्का आहे आणि वर एक ओळ: ‘काम चालू असताना कामाची जागा पूर्ण वेळ प्रकाशित असावी.’ किती गोजिरी ओळ! तिला नको कोण म्हणेल? तुमचा माणूस ऑगस्टमध्ये एका लोहाराच्या भट्टीच्या तपासणीला आला, बूट न काढता दारातूनच डोकावला, आत अंधार दिसला, वहीत खूण केली आणि गेला. अंधार का आहे हे विचारायला एक वाक्य लागले असते. तेवढे वाक्य तुमच्या कचेरीत कुणाकडे नव्हते.

आता जपानातल्या साकाई गावच्या एका बोळात पुढे काय झाले ते ऐका.

बोळाच्या एका बाजूला तोकुजीची भट्टी आहे, समोर नाओएची सहाण. मधे सात पावले. तोकुजी लोखंडावर पोलाद चढवतो, घणाखाली दोन्ही एकजीव करतो, पाते घडवतो, लाल तापवून पाण्यात बुडवतो, म्हणजे त्याला पाणी देतो. मग ते काळेकुट्ट, ओबडधोबड पाते सात पावले चालून नाओएकडे येते. ती त्याला फिरत्या सहाणेवर धरते, लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून बारीक हातोडीने सरळ करते, खिडकीच्या उजेडात नजरेसमोर धरून पाहते, पुन्हा एक टिचकी मारते. शेवटी धार अशी येते की टोमॅटो सुरीखाली दबत नाही, उघडतो. मूठ तिसराच कुणी बसवतो आणि पात्यावर नाव कोरले जाते ते सुऱ्या विकणाऱ्या पेढीचे. तोकुजीचे नाही, नाओएचे नाही. न्हाऊमाखू घालून लेक सासरी पाठवायची आणि तिथे माहेरचे नावही निघायचे नाही, तसला प्रकार. पण दोघांपैकी कुणी कधी तक्रार केली नाही. तोकुजीचे पाते हजारात पडले तरी नाओए डोळे मिटून, बोटाने ओळखते. तिला तेवढे पुरे आहे.

नाओए आता अठ्ठावन्नची. बाविसाव्या वर्षी वडिलांचा हात लुळा पडला तेव्हा ती सहाणेवर बसली. बोळातल्या लोकांनी नाके मुरडली, बाईमाणूस या चिखलपाण्यात काय टिकणार म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तोकुजीने त्याची सर्वांत चांगली दहा पाती तिच्या उंबऱ्यावर आणून ठेवली आणि खोकत परत गेला. त्या दिवसापासून तो तिचा काका.

या बोळाची एक रीत आहे. लोहाराला त्याचे पाते बिघडले असे तोंडावर सांगायचे नाही. बिघडलेले पाते वर्तमानपत्रात गुंडाळायचे, त्यावर घरच्या खारवलेल्या वांग्यांची वाटी ठेवायची आणि त्याच्या दारात ठेवून यायचे. लोहार वांगी खातो, पाते पाहतो, वाटी धुऊन परत करतो. विषय संपला. तोकुजीच्या दारात वर्षाकाठी फार तर दोन वाट्या जात.

सप्टेंबरात नाओएला पहिले पाते खटकले. सहाणेवर ते नीट बोलत नव्हते. चांगले पोलाद दगडाला चिकटून चालते, धारेच्या पाठीशी बारीक पापुद्रा सोडते. हे कुरकुरत होते, पापुद्र्याऐवजी धारेचे कणच निघत होते. तिने एक वाटी पाठवली. मग दुसरी. तिसरी पाठवायला मात्र तिचा हात उचलेना. ती गुपचूप कडा घासून काढू लागली, पाती अरुंद करू लागली, दुप्पट वेळ घालवू लागली. काकांना कळता कामा नये, एवढेच तिच्या डोक्यात होते.

लपवालपवी महिनाभर टिकली. ऑक्टोबरच्या शेवटी किशिवादाहून एक आचारी आला. वीस वर्षे या दोघांच्या हातच्या सुरीने मासे कापणारा माणूस. नवी सुरी त्याने टॉवेलात गुंडाळून आणली होती, आजारी लेकरू आणावे तशी.

“बाई, ही पाहा. साधा मासा, काट्याला नुसती लागली आणि धारेचे तीन टवके उडाले. माझा हात चुकला म्हणावं तर माझ्या जुन्या सुरीला ओरखडा नाही.”

“ठेवा इथे. दुसरी देते.”

“दुसरी नको हो. तोकुजी-सान बरे आहेत ना, तेवढं सांगा.”

नाओएने त्याला चहा दिला. तो गेल्यावर तिने ते पाते चिमट्यात अडकवून हातोडीने तोडले आणि तुटलेली कड खिडकीशी नेली. आत जाडी साखर भरावी तसे चमचमते, खरखरीत कण होते. पाते जास्त तापले होते. रंग चुकला होता. तोकुजीचा रंग चुकला होता!

तिने सुरी वर्तमानपत्रात गुंडाळली, वाटी घेतली आणि सात पावले चालली. दारात तोकुजीची बायको सुमाको संत्री निवडत बसली होती. आठ नोव्हेंबरला भात्याचा सण. त्या दिवशी लोहार भट्टी विझवतात, भात्यापुढे संत्री ठेवतात, बोळात वाटतात आणि दुसऱ्या दिवशी भट्टी पुन्हा पेटवतात.

“वाटी ठेव तिथे,” सुमाको वर न पाहता म्हणाली. “सहावी ना?”

“तिसरी, काकू.”

“बाकीच्या तू पाठवल्या नाहीस म्हणून. त्यांना मोजता येतं हो. तू पाती अरुंद करतेस ते त्यांना दिसतं.” तिने एक डागी संत्रे बाजूला टाकले. “यंदा विझवली की पेटवणार नाही म्हणालेत. डोळे गेले म्हणतात. डॉक्टरकडे नेलं, डॉक्टर म्हणाला या वयात असे डोळे पाहिले नाहीत. तर हे म्हणतात, मग तो डॉक्टरच आंधळा.”

नाओएला हसू आले. पण सण नऊ दिवसांवर होता. नऊ दिवसांनी समोरची भट्टी कायमची थंड, आणि मग तिने सहाणेवर धरायचे काय? पेढीकडून येणारी यंत्राची पाती? तिने वाटी खाली ठेवली आणि जे छत्तीस वर्षांत केले नव्हते ते केले. काका पाणी देत असताना ती आत शिरली.

आत लग्नघरासारखा लखलखाट होता. आढ्याला चार ट्यूबलाइट, कोपऱ्यात दोन दिवे. खिडक्यांवरचे जाड काळे कापड काढून घडी घालून ठेवले होते. त्या उजेडात तोकुजी भट्टीपुढे उकिडवा बसला होता, सांडशीत मातीचा लेप दिलेले पाते, आणि डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहत होता, गर्दीत हरवलेल्या माणसाला शोधावे तसा.

“काका, हे काय मांडलंय?”

“बाहेर हो पोरी, चटका बसेल.”

“कापड कुठे गेलं? अंधार कुठे गेला?”

त्याने पाते पाण्यात सोडले. चर्र झाले. मग सांडशीनेच भिंतीकडे खूण केली. तिथे तुमचा कागद होता, साहेब. चौकटीत लावलेला! देवाच्या फळीशेजारी.

“सरकारी कागद आहे,” तोकुजी म्हणाला. रिकाम्या रस्त्यावर लाल दिवा असला तर हा माणूस तो हिरवा होईपर्यंत उभा राहतो. “ऑगस्टपासून लावतोय. एक दिवस चुकवला नाही.”

“आणि पाती कधीपासून बिघडली?”

“डोळे गेल्यापासून.”

“अहो काका, कधीपासून?”

त्याचा हिशेब सरळ होता. दिवे जास्त म्हणजे दिसणारही जास्त, आणि तरी चुकतोय, म्हणजे दोष डोळ्यांचा. आधी स्वतःच्या हाताला दोष द्यायचा, असेच त्याला सोळाव्या वर्षापासून शिकवलेले. छापील कागद चुकेल हे त्याच्या मनालाही शिवले नव्हते.

“मी लहान असताना तुम्ही मला रंग सांगितला होता,” नाओए म्हणाली. “आठवतंय? डोळे मिटून सूर्याकडे तोंड कर, पापणीआड जो लाल दिसतो, तो. तो आला की पाणी. मग आता सांगा, उघड्या डोळ्यांनी, चार ट्यूबखाली, पापणीआडचा लाल कुणाला दिसेल? उजेडात तापलेलं पोलाद फिकं दिसतं. तुम्ही वाट बघत बसता, ते अजून तापतं. डोळे शाबूत आहेत तुमचे. अंधार पळवलाय कुणीतरी.”

“पण कागद…”

“कागदाला सुरी करता येते का?”

सुमाको दारातून ओरडली, “पोरी, बटण डावीकडे आहे!”

नाओएने सगळी बटणे बंद केली. दोघींनी मिळून काळे कापड टांगले. भर दुपारी भट्टीत अंधार झाला. मग तिघे बसले. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला एक पेला चहा लागतो, त्याहून घाई चालत नाही. तोकुजीने चहा अगदी सावकाश प्यायला. हळूहळू निखाऱ्यांना आकार आला, मग सांडशीला, मग त्याच्या चेहऱ्याला. नाओएला वाटले, तो दहा वर्षांनी लहान दिसतोय.

पडताळ्यासाठी एकाच कांबीचे दोन तुकडे घेतले. एकाला त्याने सकाळीच दिव्याखाली पाणी दिले होते. दुसरा आता आत सरकवला. भाता हलला. काळ्यातून तांबूस, तांबुसातून लाल. तोकुजी पुटपुटत नव्हता, डोळे बारीक करत नव्हता. हात आपोआप उठला आणि तुकडा पाण्यात गेला.

“आलं,” तो म्हणाला. एवढेच.

कापड सारून नाओएने दोन्ही तुकडे तोडले. दिव्याखालच्या तुकड्यात जाडी साखर. अंधारातल्या तुकड्याची कड राखेसारखी, मऊ राखाडी, कण म्हणून दिसेना. तोकुजीने ती कड अंगठ्याने चाचपली, पुन्हा चाचपली. मग त्याने दोन्ही डोळ्यांवर मनगट दाबले. घाम होता असे तो म्हणाला. सुमाकोने संत्रे सोलून अर्धे त्याच्या हातात कोंबले आणि म्हणाली, “खा. डॉक्टरची माफी मागायला उद्या जायचंय.”

“पुढच्या महिन्यात तपासणीला येणार आहेत,” तोकुजी हळूच म्हणाला. “अंधार दिसला तर टाळं लावतील.”

“येऊ देत,” नाओए म्हणाली.

आठ तारखेला भट्टी विझली. भात्यापुढे संत्री ठेवली गेली, बोळभर वाटली गेली. नऊ तारखेला सकाळी पलीकडे घणाचा आवाज सुरू झाला तेव्हा नाओएने सहाणेवर पाणी सोडले आणि उगाच दोन-तीन वेळा नाक शिंकरले. त्या आठवड्यातले पहिले पाते तिने धारेला लावले. ते दगडावर असे चालले की तिने काम थांबवून मोकळी वाटी घेतली, वांग्यांनी भरली आणि तोकुजीच्या दारात ठेवून आली. खाली वर्तमानपत्र नाही, पाते नाही. नुसती वाटी. बोळात असे आजवर कुणी केले नव्हते. धुतलेली वाटी परत आली तेव्हा तिच्यात दोन संत्री होती.

तुमचा कागद चौकटीतून निघाला, साहेब. त्याच्या तळाशी एक रकाना होता: ‘सुधारणा केल्याची तारीख’. नाओएने तिथे लिहिले, नऊ नोव्हेंबर, दिवे बंद केले. दिवसभर दिवे लावू, पाणी देताना नाही. सोबत एका पाकिटात ते दोन तुकडे घातले, एकावर तुमचा उजेड असे लिहून, दुसऱ्यावर आमचा अंधार असे लिहून. ती पाकीट पोस्टात टाकून आली त्याला सात आठवडे झाले. तुमचा माणूसही आला नाही आणि कागदही नाही.

तर विचारतो. उजेडात पोलादाचा रंग वाचता येतो का तुम्हाला? येत असेल तर या, शिकवा. सुमाको चहा ठेवेल. येत नसेल, तर ती ओळ कुणाला विचारून लिहिलीत? तुमच्या आईच्या हातात मुळा चिरायला सुरी द्यायची झाली तर त्या दोन तुकड्यांतल्या कुठल्या पोलादाची द्याल?

उत्तर द्या. लेखी द्या. आणि या वेळी खाली नाव लिहा.