वीस रुपयांचा वाटा

"समजा, आमच्या रतनआजींकडं वीसच रुपये हायत," असं म्हणून हर्षदानं फळ्याजवळून थेट आजींकडं हात केला.

वर्गात बसलेल्या सगळ्या आया वळून बघायला लागल्या. रतनबाई खिडकीखाली सतरंजीवर बसल्या होत्या. हर्षदाच्याच वर्गातल्या आपल्या नातीचं, प्रगतीचं कौतुक बघायला आल्या होत्या बिचाऱ्या. त्यांनी पदर कपाळावर ओढला. त्यांच्या शेजारी हर्षदाची आई, नीलम. लेकीचा नंबर कधी येतोय म्हणून ती मघापासून मान उंच करून बसली होती. ती मान आता आपोआप खाली गेली.

आठवीच्या गणिताचं प्रदर्शन होतं. सरांनी सांगितलं होतं, पुस्तकातलं काही नको, घरातलं गणित आणा. प्रगतीनं एसटीची संभाव्यता आणली होती. दहा दिवसांत चार दिवस गाडी वेळेवर आली, तर उद्या वेळेवर यायची संभाव्यता दहात चार. "ती चार दिस तरी कुठं आली गं पोरी?" मागून कुणीतरी म्हणालं, तेव्हा सगळ्या हसल्या होत्या. नीलम सगळ्यांत मोठ्यानं.

हर्षदाच्या तक्त्यावर टोमॅटो रंगवलेले होते, अगदी देठासकट. यवतच्या बाजारातलं आईचं दुकान. किलोला चाळीस रुपये, किलोच्या खाली तोलून द्यायचं नाही; न तोलता लावलेला वाटा वीस रुपये. तिनं एक वाटा काट्यावर ठेवून बघितला, तो भरला चारशे ग्रॅम. एकमान पद्धतीनं चारशेचे वीस, तर हजाराचे पन्नास.

"म्हंजी वाटा घेणाऱ्याला किलोमागं धा रुपये जास्त पडत्यात," तिनं खणखणीत सांगितलं होतं. "मग लोक किलोच का घेत न्हाईत? कारण वीस हे चाळीसपेक्षा लहान हायत." दोन आकड्यांच्या मधे तिनं ते चिमट्यासारखं चिन्ह काढलं. आणि मग ते 'समजा' आलं.

"याला म्हणतात घरातलं गणित!" सर म्हणाले. "टाळ्या होऊन जाऊ द्या."

टाळ्या झाल्या. नीलमनंही वाजवल्या. न वाजवून करते काय?

"पोरगी गुणाची हाय गं," बाजारात तिच्या शेजारी बसणारी सारिका मागून कुजबुजली. "सगळ्यांम्होरं आईचंच बिंग फोडलं."

नीलमला खूप बोलायचं होतं. वाटे खपेपर्यंत उन्हात बसावं लागतं. किलोवाला एकेक दाबून, निवडून नेतो आणि मऊ माल गळ्यात पडतो. सगळं खरं होतं. पण तोच मऊ माल ती वाट्याच्या तळाला घालायची आणि वर दोन लालभडक ठेवायची, हेही खरं होतं. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं शिकवलेलं. ते तक्त्यावर नव्हतं. लेकीला ते माहीत नव्हतं, की माहीत असून तिनं गाळलं होतं? विचारायची हिंमत नव्हती.

"मावशी..." ती रतनबाईंकडं वळून हळूच म्हणाली.

"प्रगतीचं बी चांगलं झालं की," रतनबाई फळ्याकडं बघतच म्हणाल्या.

घरी आल्यावर हर्षदानं दप्तर टाकलं. "पहिला नंबर आला, आन् तू काहीच बोलली न्हाईस. मी खोटं सांगितलं का?"

"न्हाई बाई."

"मग?"

"मावशींचं नाव घ्यायचं न्हवतं."

"का? दर बाजाराला येत्यात की त्या. उदाहरण खरं लागतं, आई."

"खरं हाय म्हणूनच."

पुढच्या बाजारी नीलमनं वाटे तोलून लावले, अर्ध्या अर्ध्या किलोचे. तळाला मऊ एकही नाही. "धंदा करायला आलीस का अन्नदान?" सारिकानं विचारलं. नीलमचं लक्ष रस्त्याकडं होतं.

रतनबाई उशिरा आल्या. नेहमीसारखी घडी घातलेली नोट पुढं केली. नीलमनं वाटा पिशवीत ओतला. त्यांनी पिशवी हातात जोखली.

"आज जास्त लागतंय."

"सगळ्यांनाच तेवढं हाय, मावशी."

"कवापास्नं?"

नीलम काट्याचं पारडं पुसायला लागली. रतनबाई खाली बसल्या, पिशवीतून दोन टोमॅटो काढून पोत्यावर ठेवले. "मला रोजचाच वाटा दे. फळ्यावरचा नगं."

"राग आला का?"

"राग कशाचा? हिशोब बराबर हुता पोरीचा." पिशवीची गाठ मारता मारता त्या थांबल्या. "पर त्या दिशी रातच्याला प्रगतीनं इचारलं. आजी, तुझ्याकडं खरंच वीसच असत्यात का? आन् तवापास्नं ताटात टमाट्याची भाजी घेत न्हाई. न्हाई आवडत म्हणती."

गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. शेजारी सारिकाच्या गवारीपाशी थांबल्या. इतकी वर्षं 'वाटा कसा?' एवढंच विचारणाऱ्या रतनबाईंनी चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "किलो कसं दिलं गं?"

सारिकानं भाव सांगितला. रतनबाईंनी एक शेंग उचलली, मोडून बघितली, जून निघाल्यासारखी परत ठेवली आणि पुढं गेल्या.