नळाखालची आंघोळ

मी एक इंजिन बोलतोय. मुठीत मावतो म्हणून हसू नका. रिमोटच्या गाडीत बसवलाय मला, पण मी बॅटरीवर फिरणारं खेळणं नव्हे! नायट्रोचं इंधन पितो, धूर सोडतो आणि सुरू झालो की पनवेलचा अख्खा कोळीवाडा खिडक्या लावून घेतो.

माझी मालकीण अंकिता, खारघरच्या कॉलेजात शिकते. तिचा बाबा जगन होडी घेऊन मासेमारीला जातो. खाडीकाठच्या सुकलेल्या चिखलावर ती गाडी पळवायची आणि जगन टाळ्या पिटायचा, "आरं, माझ्या होडीचं इंजिनपण येवढं बोंबलत नाय!"

माझा घात त्याच्या मायेनंच केला. होडी काठाला लागली की इंजिन गोड्या पाण्यानं धुवायचं, खारं अंगावर सुकू द्यायचं नाही, ही त्याची जन्माची सवय. एका रविवारी अंकिता पाय धुवायला आत गेली, तेवढ्यात त्यानं मलाही नळाखाली धरलं. पाणी नाकातोंडातून पोटात गेलं आणि तिथंच राहिलं. बेअरिंगं गंजली. पुढच्या रविवारी अंकितानं मला सुरू करायची दोरी ओढली, मी दोन फेऱ्या मारल्या आणि कडकन आवाज होऊन गप्प झालो. आतला दांडा तुटला, पिस्टनही गेला.

मला उघडल्यावर गंज दिसला. जगनचा चेहरा उतरला.

"मीच धुतलं गो त्याला. नवीन आण. मी आता हात लावनार नाय."

आणि खरंच, गाडीकडे तो बघेनासा झाला. मोडण्यापेक्षा मला तेच जास्त लागलं.

पण अंकिता हट्टाला पेटली. नवा दांडा, पिस्टन, बेअरिंगं घेऊन आली आणि बापासमोर उभी राहिली. "नवीन इंजिन नको. हेच चालवायचं. बेअरिंगं बसवताना ह्याचं तापलेलं धड धरायला मला अजून दोन हात लागणारेत. बाबा, तू येतोस की नाही?"

आला, कुरकुरत. माझं धड तव्यावर तापवलं, म्हणजे ते जरा फुगतं. बेअरिंगं आकसावीत म्हणून फ्रीजरमध्ये ठेवली.

"माझ्या सुरमईच्या बाजूला काय भंगार ठेवलंस गो?" अंकिताची आई हौसा ओरडली.

पहिल्यांदा बेअरिंग वाकडं बसलं. काढलं, परत तापवलं. पुन्हा वाकडं. "सोड आता," जगन म्हणाला. "नाही," अंकिता म्हणाली आणि तवा पुन्हा गॅसवर ठेवला. जगननं धड चिमट्यात घट्ट धरलं. या खेपेला बेअरिंग अलगद आत गेलं.

रविवारी दोरी ओढली. मी खोकलो, अडखळलो आणि असा ओरडलो की चिखलातले बगळे उडाले! अंकितानं नवा पिस्टन नीट रुळेपर्यंत मला सावकाशच फिरवलं.

गाडी थांबली. जगननं मला उचललं आणि सवयीनं नळाकडे वळला. दोन पावलांवर त्याचे पाय थबकले. अंकितानं तेलाची बाटली पुढे केली.

"पाणी नाही, बाबा. ह्याच्या पोटात दोन थेंब तेल, मग गंज चढत नाही. तूच घाल."

त्यानं बाटली घेतली आणि थेंब मोजत तेल घातलं. आज मी ठणठणीत आहे, आणि दर रविवारी तेल घालण्याचं काम त्याच्याकडेच आहे. माणसांनो, मायेनं चुकलेल्या हातांना दूर करू नका, एवढंच माझं मागणं. जगन आजही दोनाऐवजी तीन थेंब घालतो. अंकिता बघते आणि बाटलीचं झाकण लावते.