दिघेसाहेब बेपत्ता

लीलाबाई दिघे जानेवारीत गेल्या आणि मार्चमध्ये त्यांची मुलगी अनिता कुसगावला आली. येण्याआधी तिनं फोन केला होता. "काका, एक विचारायचं आहे, पण फोनवर नको." ती काय विचारणार, हे भिमाजींनी तेव्हाच ओळखलं होतं.

भिमाजी गाडे मूळचे सुदुंबऱ्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. गावातून लढाऊ वैमानिक झालेला पहिला मुलगा. निवृत्त झाल्यावर त्यांनी कुसगावात लहानसं घर बांधलं आणि बायको वारल्यावर तिथेच एकटे राहिले. ऐंशीच्या घरातल्या या माणसाला लोक ओळखत ते एकाहत्तरच्या लढाईमुळे. त्यांनी शत्रूचं एक विमान पाडलं होतं. त्याबद्दल शौर्यपदक मिळालं, सुदुंबऱ्यात बैलगाडीतून मिरवणूक निघाली.

त्याच उड्डाणातून त्यांचे लीडर, स्क्वाड्रन लीडर प्रभाकर दिघे, परतले नाहीत. कागदोपत्री ते बेपत्ता राहिले. अनिता तेव्हा चौदा महिन्यांची होती.

घरकामाला येणाऱ्या शालूबाईंनी चहा आणून ठेवला. "पाव्हणी जेवाया थांबनार हाय नव्हं, आबा? भाकरी टाकते मंग."

"नको मावशी, लोकल गाठायची आहे," अनिता म्हणाली. शालूबाई आत गेल्यावर तिनं कप बाजूला सरकवला. "आईचे दिवस केले तेव्हा गुरुजींनी बाबांबद्दल विचारलं. गेलेल्यांत नाव घ्यायचं की नाही? मला सांगता येईना. आईनं शेवटपर्यंत मंगळसूत्र काढलं नाही. तिकडून सुटून आलेल्या प्रत्येक कैद्याला ती जाऊन भेटली. बाबांबरोबर तुम्ही होतात. तुम्हाला काय वाटतं, काका?"

या प्रश्नाचं भिमाजींचं उत्तर पाठ होतं. हवा धुरकट होती, साहेब दिसेनासे झाले, रेडिओवर काही ऐकू आलं नाही. लीलाबाई या घरी दोनदा येऊन हेच ऐकून गेल्या होत्या. "म्हणजे उतरले असतील कुठेतरी," असं त्या दर वेळी म्हणत, आणि भिमाजी म्हणत, "असतील, वहिनी."

आज ते वाक्य त्यांच्या तोंडातून निघेना.

"ते गेले, अनिता. मी पाहिलं."

भिमाजींनी मान खाली घालून सगळं सांगितलं.

रेल्वे यार्डावर बाँब टाकून दोघं झाडांच्या शेंड्यांवरून परतत होते. दिघे पुढे, भिमाजी थोडे मागे, एका अंगाला. मागच्या विमानाचं काम एकच असतं, लीडरची पाठ राखायची. एवढ्यात उजवीकडे शत्रूचं एक विमान एकटंच जाताना दिसलं. पंचविशीचं वय, नावावर एकही विमान नाही. साहेबांना न सांगता भिमाजी वळले. दहा सेकंद, की परत जागेवर, असं मनाशी म्हणाले. तो गडी वळणं घेत राहिला आणि दहा सेकंदांचं मिनिट कधी झालं ते कळलं नाही. शेवटी तो तोफेच्या टप्प्यात आला, त्याचा पंख तुटला. भिमाजी कॉकपिटमध्ये आनंदानं ओरडले.

तेवढ्यात कानात दिघ्यांचा आवाज आला. "भीम, माझ्या मागे तूच आहेस ना?"

भिमाजींनी मान वळवली. तीन मैलांवर दिघ्यांचं विमान होतं आणि त्याच्या पाठीला शत्रूचं दुसरं चिकटलं होतं.

"ओरडून सांगायचं होतं, वळा म्हणून. तोंड उघडेपर्यंत ते पेटले. शेतात कोसळले. हवाई छत्री उघडली नाही. मी शेवटपर्यंत बघत होतो."

"मग सांगितलं का नाही?"

"पाहिलं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. तू कुठे होतास? म्हणून दिसले नाहीत म्हणालो. वाटलं, चार दिवसांत तिकडूनच कळवतील. कोणी कळवलं नाही. मग पदक आलं. मग वहिनी आल्या. त्यानंतर सांगायची हिंमत झाली नाही."

अनितानं विचारलं, "आवाज कसा होता त्यांचा? घाबरलेला?"

"नाही. रस्त्यात कोणाला पत्ता विचारावा, तसा."

"आई या घरात दोनदा आली होती."

"व्हय," भिमाजी म्हणाले. अधिकाऱ्याची मराठी त्यांना त्या वेळी सुचलीच नाही.

"मागच्या दिवाळीत परत यायचं म्हणत होती. गुडघे दुखत होते तिचे. मीच म्हटलं, कशाला जातेस, काका नवीन काय सांगणार?" तिचा आवाज चढला नाही. "तिला सांगायला हवं होतं तुम्ही. मला नाही."

तिनं पर्समधून वही काढून पुढे केली. "लिहून द्या. तारीख घाला, सही करा."

पानभर मजकूर लिहायला भिमाजींना अर्धा तास लागला. तिनं तो उभ्यानंच वाचला आणि घडी घालून ठेवला. फाटकापाशी भिमाजींनी विचारलं, "आता साहेबांचं श्राद्ध करशील ना? मी येऊ?"

"नको," अनिता म्हणाली आणि रिक्षात बसली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच मजकूर पुन्हा लिहून पदकासह दिल्लीच्या मुख्यालयाला रजिस्टर पोस्टानं पाठवला. तिकडून काही आलं नाही. दोन आठवड्यांनी फोनवर अनिताचा एका ओळीचा निरोप आला. येत्या रविवारी देहूला बाबांचं करते आहे. पुढे बोलावणं नव्हतं.

रविवारी भिमाजी पहाटे उठले, अंघोळ केली, पांढरा सदरा घातला आणि ओसरीवर येऊन बसले. शालूबाई कामाला आल्या तेव्हा ते तसेच बसलेले होते.

"कुटं जायचं हाय का, आबा?"

"न्हाई," भिमाजी म्हणाले. "कुटं न्हाई."

शालूबाईंनी चहा दिला, तो त्यांनी घेतला नाही. दुपार टळेपर्यंत ते तिथून उठले नाहीत.