सत्तावन्न नंबरचं पिवळं पान

लेकीचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. तरी सोमवारी कामावर निघताना मी सासूबाईंच्या हातात यादी ठेवलीच. ताप किती वाजता मोजायचा, औषधाचे थेंब किती, पाणी किती प्यायली ते कुठे लिहायचं, अशा बारा ओळी.

सासूबाईंनी चष्मा वर सरकवला. "अगं, तुझा नवरा मी यादीशिवाय वाढवला. आहे ना धडधाकट?"

"आहे."

"मग नीघ."

प्रयोगशाळेत पोचायला सव्वाअकरा झाले. चपला बदलल्या आणि थेट रोपांच्या खोलीत शिरले. पांढऱ्या नळ्यांच्या उजेडात टोमॅटोची रोपं ओळीनं उभी होती. पंचावन्न, छप्पन्न, अठ्ठावन्न.

पुन्हा मोजलं. घरात मी गॅस बंद आहे का ते तीनदा बघते, इथेही तीनदा मोजलं. तिन्ही वेळा छप्पन्ननंतर अठ्ठावन्नच आलं, आणि मधे कुंडीच्या बुडाचा ओला गोल.

त्या एका रोपासाठी आम्ही दीड वर्ष खपलो होतो. पानं आकसवणाऱ्या रोगाला दाद न देणारं जनुक टोमॅटोत घालायचं, हे आमचं काम. पण हजारो पेशींतली एखादीच ते घेते. ती ओळखायची कशी? म्हणून सोबत खुणेचं दुसरं जनुक धाडतात, प्रतिजैविक पचवणारं. मग प्रतिजैविक घातलं की बाकीच्या पेशी पिवळ्या पडून मरतात. हिरव्या उरतात त्या आपल्या. इथवर छान. पण काम झाल्यावरही हे खुणेचं जनुक झाडातून हलत नाही. लग्न जमवणारा मध्यस्थ कायमचा मुक्कामाला यावा, तसं. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना तसलं रोप बाहेर द्यायचंच नव्हतं. म्हणून आम्ही दोन्ही जनुकं सुटीसुटी पाठवली होती, की पुढच्या पिढीत कुठेतरी त्यांची ताटातूट होईल. चौऱ्याऐंशी रोपांत ती एकातच झाली. सत्तावन्नमध्ये.

झाली, असं वाटत होतं. पानाच्या डीएनए चाचणीत हव्या जनुकाची रेघ उमटली, खुणेच्या जनुकाची नाही. मॅडम म्हणाल्या, "रेघ नाही म्हणजे जनुकच नाही, की आपली चाचणी फसली? पानाला विचार." म्हणून गेल्या मंगळवारी सत्तावन्नच्या दोन पानांवर मी ब्रशनं प्रतिजैविक लावलं. तुलनेला आणखी अकरा रोपांनाही लावलं, आणि लावलेल्या प्रत्येक पानाच्या देठाला पांढरा दोरा बांधला. पान हिरवं राहिलं तर मध्यस्थ अजून घरातच. पिवळं पडलं तर जिंकलो. शुक्रवारी लेक तापली आणि मी घरी बसले.

"मामा!"

मामा अठरा वर्षं ही खोली सांभाळतात आणि सगळ्यांचेच मामा आहेत. बेसिनपाशी ट्रे धूत होते.

"सत्तावन्न कुठंय?"

"आजारी होतं, ताई. दोन पानं पार पिवळी. आज सकाळी उपटून टाकलं."

"टाकलं?"

"मग काय पूजा करू पिवळ्याची? हिरवं ठेवा, पिवळं फेका. मॅडम नवीन होत्या तेव्हा त्यांनीच शिकवलंय."

त्यांचं बरोबर होतं. बारा ओळी लिहिणाऱ्या बाईनं मामांसाठी एक ओळ ठेवली नव्हती.

"कुठे टाकलं?"

"लाल पिशवीत. पिशवी खाली वाफेला दिली."

आमची रोपं नुसती कचऱ्यात जात नाहीत. खालच्या खोलीतल्या वाफेच्या टाकीत ती शिजवून मारतात, मगच बाहेर. तो जिना मी कसा उतरले, आठवत नाही. मागून मामांच्या रबरी बुटांचा आवाज येत होता. टाकीचं झाकण घट्ट बसलेलं, लाल दिवा लागलेला. मी तळवा टेकवला. पत्रा कोमट होता.

"काटा शून्यावर आहे!" मामा ओरडले. "आत्ताच लावलीय. पाणी तापायचंय अजून." त्यांनी बटण बंद केलं आणि झाकणाचं चाक फिरवायला घेतलं. "ताई, तुम्ही सरका. माझंच पाप आहे."

"पाप नंतर वाटून घेऊ. आधी पिशवी काढा."

मॅडमना फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "उघड. आणि वहीत नोंद कर."

हातमोजे घालून आम्ही पिशवी ट्रेमध्ये उलटी केली. पिवळ्या कोंबांचा नुसता गिचका. त्यात दोरा बांधलेलं एकच रोप. मुळं तुटलेली, शेंडा मोडलेला, पानं ओल्या फडक्यासारखी. पण दोऱ्याची दोन्ही पानं ब्रश फिरला होता तिथे लख्ख पिवळी, आणि बाकीची हिरवी. रोप मरायला टेकलेलं आणि मी हसतेय, असा प्रकार. मामांनी माझ्याकडे जरा काळजीनंच पाहिलं.

"म्हणजे हे पिवळं चांगलं?"

"हेच तर हवं होतं, मामा!"

"अठरा वर्षांत एकानं सांगितलं नाही," ते पुटपुटले आणि पातं मागितलं. "टोमॅटोची जात चिवट. मुळं गेली तरी खोडाला फुटतात."

त्यांनी खोडाचे दोन तुकडे केले, पानं छाटली, ओल्या मातीत खोचले आणि वर पारदर्शक झाकण घातलं.

चौथ्या दिवशी एक तुकडा काळा पडला. दुसऱ्याला मी तासातासाला बघायला लागले.

"झाकण उघडून उघडून तुम्हीच माराल त्याला," मामा म्हणाले. "पोरगी झोपलीय का, हे तिला उठवून बघता का?"

मी झाकण परत ठेवलं, कारण पोरीला दोनदा तसं बघितलंय.

दहाव्या दिवशी छाटलेल्या देठाच्या बगलेत कोंब दिसला. मामांनी दोन बोटांत खोड धरून हलकेच वर ओढलं. ते हललं नाही. "मूळ धरलं," ते म्हणाले.

कोंबाचं पान चिमूटभर घेऊन मी पुन्हा चाचणी लावली. या वेळी दोन्ही बाजूंना खुणेचं जनुक असलेल्या रोपांचे नमुने ठेवले, म्हणजे चाचणी फसली तर तेही कोरे येतील. सकाळी चित्र आलं. डावीकडे रेघ, उजवीकडे रेघ, मधे सत्तावन्नची जागा स्वच्छ. खाली हव्या जनुकाची रेघ मात्र ठळक.

मॅडमनी ते दिव्याखाली धरलं, तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं.

"नाहीये," त्या म्हणाल्या. "खरंच नाहीये गं." आणि खुर्चीत मागे टेकल्या. "बी धरू दे आता त्याला."

बाहेर आले. व्हरांड्यातल्या बाकावर बसले. मामा हात पुसत आले.

"काय म्हणाल्या?"

"बी धरायचं."

मामाही टेकले. कामाच्या वेळेत त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

पावणेअकराच झाले होते, पण मला अशी कडकडून भूक लागली की मी तिथेच डबा उघडला. माझा संपला. मग मामांनी आपला पुढे सरकवला, त्यातलाही अर्धा संपवला.

"सावकाश," मामा म्हणाले. "ठसका लागेल."