दमयंतीचं गाऱ्हाणं

साखरपुड्याच्या सकाळी मालन सुनेच्या डोक्याला रुमाल घट्ट बांधत होती. "कोणी इचारल्यान तर टायफॉइडान केस गेले म्हणान सांग. कळला?"

दमयंतीने पाठीवर हात दाबून धरला. पाठीतली कळ पुन्हा सुरू झाली होती.

तिच्या छातीतला कॅन्सर हाडात उतरला होता. डॉक्टरीणबाईंनी तिला आणि विकासला, तिच्या नवऱ्याला, समोर बसवून सांगितलं होतं, "गाठीच्या पेशींवर एक खूण आहे. हे औषध ती खूण हुडकून तिथंच जाऊन चिकटतं. आजार मुळासकट जाणार नाही, पण दबून राहील. दर तीन आठवड्यांनी यायचं, खंड पाडू नका." औषध लागूही पडलं. दमयंती पुन्हा घोडपदेवच्या चाळीचा जिना चढू लागली.

आणि मग नणंदेची, आकांक्षाची, सोयरीक ठरली. मुलाची बिल्डिंग परळला, दमयंतीच्या हॉस्पिटलच्या अगदी समोर! "कोणी बघल्यान तर? रोगाच्या घरची पोरगी कोण करतलो?" साखरपुडा होईस्तोवर हॉस्पिटल बंद, असं मालनने फर्मान काढलं. अहो, सुनेचा आजार नणंदेच्या रक्तात कुठून येणार? पण लाजेला अक्कल असती तर काय हवं होतं! विकास, अग्नीच्या साक्षीने हात धरलेला, म्हणाला, "आई म्हणते तर ऐक ना. साखरपुडा होऊन जाऊ दे." दोन खेपा चुकल्या. तिने जायला चप्पल घातली, तर सासूने दाराला कडी लावली.

दुपारी पाहुणे आले. देवापुढे नारळ ठेवला. चुलतसासरे कोंडीराम सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायला उठले, इतक्यात दमयंती पुढे झाली. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची त्या घरात रीत नव्हती. तिने रुमाल सोडून नारळाशेजारी ठेवला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळे बोलून गेले.

"ह्या घरच्या सुनेक कॅन्सर झालो हा, तो लपवन ठेवल्यानी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा..." आवाज अडखळले.

"साखरपुड्यापायी तिचा औषध बंद केल्यानी. ज्येंनी बंद केल्यानी, तेंच्या हाडाक ह्याच कळा लागांदेत, रे म्हाराजा!"

एकटे कोंडीराम, डोळे पुसत, ठणकावून म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

"नाक कापलंस गो आमचा!" मालन किंचाळली.

"कापलं! तुम्ही माझा जीव घ्यायला निघाला होतात!"

मुलाकडचे 'विचार करून कळवतो' म्हणून उठले. दमयंतीला आकांक्षाचं वाईट वाटलं. सासूचं तिळभर नाही. पण आकांक्षाच पैठणी आवरत म्हणाली, "वहिनी, करू दे त्यांना काय विचार करायचा तो. उद्या हॉस्पिटलात मी येते."

"तू नको. आई येतील," दमयंती म्हणाली. "गाऱ्हाणं मागे घ्यायला हवं असेल तर येतीलच."

दुसऱ्या दिवशी सलाईन लागलं. दमयंतीने सासूला मुद्दाम खिडकीशी बसवलं, मुलाकडच्या त्या बिल्डिंगीच्या समोर. मालनने पदर नाकापर्यंत ओढला. नर्सने विचारलं, "आजी, पेशंट कोण तुमची?"

"सून," मालन पुटपुटली.

"मोठ्याने सांगा, आई," दमयंती म्हणाली. "समोर ऐकू जाऊ दे."