दहावीला बंद झालेलं मैदान

मित्रांनो, वडूजजवळच्या एका शाळेच्या मैदानात रोवलेला मी खो-खोचा जुना खांब. नाथाजी सुतारांनी मला बाभळीतून घडवलं आणि पोरींच्या तळहातांनी गुळगुळीत केलं. स्पर्धा जिंकून संघ आला, की मला गुलाल लागायचा.

राणी त्याच संघातली. तिचे आईवडील मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने लांब असतात. शाळेसाठी ती चुलत्यांकडे राहते. तिथं जेवण मिळतं, पण तिची वाट पाहणारं कोणी असेल तर ते मैदानावर.

आमच्या शाळेची एक रीत होती. दिवाळी झाली की दहावीचा खेळ बंद, संध्याकाळी जादा तास. यंदा राणी दहावीत, तिचं मैदान सुटलं आणि मग अभ्यासही सुटत गेला. मी नुसता पाहत उभा.

जानेवारीत तणावमुक्तीचं व्याख्यान झालं. फलकाची दोरी माझ्याच कमरेला बांधली. पाहुण्यांनी उन्हात बसलेल्या मुलांना आनंदी राहायला सांगितलं. हेडमास्तर लालासाहेब सरांनी आभार मानले आणि दहावीला पुन्हा वर्गात पिटाळलं. एकाही मुलाला कोणी काही विचारलं नाही. मला इतका वैताग कधीच आला नव्हता.

राणी मागे राहिली, मला टेकून बसली. तिची मैत्रीण क्रांती शोधत आली.

"काय गं, मेंढरू हरवल्यागत बसलीस?"

राणी हसली नाही. "मी नसले तर कुणाचं काय आडणार हाय?"

क्रांती शेजारी बसली. "जीव द्यायचं मनात येतंय का तुझ्या?"

राणीनं मानेनंच हो म्हटलं. क्रांतीनं उपदेश केला नाही. पण हे आपल्यापाशी ठेवणार नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं. राणीनं शपथा घातल्या, ती चिडली. तरी क्रांती हात धरून तिला खेळाच्या प्रियदर्शनी बाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी तिला एकटं सोडलं नाही. बाईंचा निरोप मिळताच आई दगडाबाई कळप सोडून आल्या. साताऱ्याच्या डॉक्टरांकडे उपचार सुरू झाले. खेळ बंद करू नका, असं डॉक्टरांनीही सांगितलं. सरांना मात्र निकालाची काळजी होती.

"आवं सर, निकाल कमी लागू द्या," दगडाबाई म्हणाल्या. "माझी पोर ऱ्हायली पायजे."

सरांनी ती रीत मोडली. आता दहावीची मुलंही संध्याकाळी खेळतात. राणी येते. एखाद्या दिवशी तिचं मन लागत नाही, तेव्हा क्रांती घरी जाऊन तिला बोलावून आणते. पण मैदान उघडायला एका आईला हेडमास्तरांपुढे असं बोलावं लागलं, हा राग माझ्या मनातून जात नाही.

मित्रांनो, मला रंग देऊ नका, गुलालही नको. तुमच्यातलं कोणी गप्प झालं, तर त्याच्याजवळ बसून सरळ विचारा आणि विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. मी लाकडाचा, मला विचारता आलं नाही. तुम्हाला तोंड आहे.